वारा ओळखणारे राजे

मुलांनो, छत्रपती शाहू महाराजांचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. आज त्यांच्या शिकारीच्या नादाची आणि त्यातून दिसणाऱ्या मोठेपणाची गोष्ट वाचू या.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि १८९४ साली राज्यकारभार पाहू लागले. अंगाने धिप्पाड. कुस्ती, घोडे आणि शिकार यांचा भारी नाद!

काळविटाच्या शिकारीसाठी त्यांनी चित्ते पाळले होते. चित्ता वाऱ्यासारखा पळतो खरा, पण थोड्याच अंतरात दमतो. म्हणून त्याला कळपाच्या अगदी जवळ न्यावं लागे. काळविटाची नजर तीक्ष्ण. मग करायचं काय? चित्त्याचे डोळे झाकून त्याला गाडीवर बसवत. शेतातली बैलगाडी हरणांच्या रोजच्या पाहण्यातली, तिला ती फारशी बुजत नाहीत. पण वासाचं काय? वारा आपल्या पाठीकडून कळपाकडे वाहत असला, की वास आधी पोहोचतो आणि कळप चौखूर उधळतो. म्हणून वारा तोंडावर घेऊन पुढे सरकायचं. उफणणी करताना आपण आधी वारा बघतो ना? तसंच हे.

ही विद्या फासेपारध्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक. हरणं कोणत्या वाटेने येतील, फासे कुठे मांडायचे, वारा बघून कुठे दडायचं, हे त्यांची पोरंसुद्धा सांगत. पण इंग्रजांनी १८७१ साली एक कायदा केला आणि कितीतरी जमातींवर जन्मापासूनच गुन्हेगार असा शिक्का मारला. पुढे पारधीही त्यात भरडले गेले. चोरी केलेली असो वा नसो, अशा लोकांना रोज हजेरी द्यावी लागे. मग कामधंदा कधी करणार आणि पोट कसं भरणार?

महाराज स्वतः शिकारी. रानात वावरणाऱ्या माणसाची चिकाटी आणि हुशारी त्यांना कळत होती. भुकेला माणूस चोरीकडे वळतो, त्याला काम द्यावं, हे त्यांनी ओळखलं. पारध्यांना त्यांनी पहाऱ्याची कामं दिली. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांनाच राखण सोपवली! १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानात अशा जमातींची हजेरी बंद केली. त्याआधी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड!

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचं निधन झालं. इंग्रजांचा तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला.

आता शिकारीचे दिवस गेले. १९७२ च्या कायद्याने काळवीट मारणं हा गुन्हा आहे. आपल्या शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० पासून काळविटांचं अभयारण्य आहे. तिथे गेलात तर वारा बघून, हळू पावलांनी चाला. हरणं जवळून दिसतील.

आणखी एक ध्यानात ठेवा. आपल्या श्रीगोंदा तालुक्यातही पारधी समाज आहे. त्यांचं पोर वर्गात आलं, तर त्याला आपल्या शेजारी बसवा. रानाची माहिती त्याच्याकडून घ्या, त्याला अडलेलं गणित तुम्ही समजावून द्या. कायदा रद्द झाला, पण मनातला शिक्का पुसायचं काम आपलंच आहे.