परतीची वाट सोडून निघालेला वीर : फ्रित्यॉफ नान्सेन

समुद्रकाठी वाढलेल्या आम्हां लोकांची पाण्याशी जी जवळीक असते, तीच नॉर्वेच्या लोकांची हिमाशी असते. आमची मुले होडीत बसू लागतात त्या वयात तिकडची मुले पायांना स्की बांधतात. स्की म्हणजे पुढचे टोक वर वळवलेल्या लांब, अरुंद लाकडी फळ्या. त्यांच्यामुळे माणसाचा भार पसरतो, पाय भुसभुशीत हिमात रुतत नाही आणि उतारावरून तर वाऱ्याच्या वेगाने घसरत जाता येते. या फळ्यांच्या बळावर ग्रीनलंडचे हिमपठार प्रथम ओलांडणाऱ्या आणि उत्तरायुष्यात लक्षावधी निराश्रितांचा आधार झालेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्रित्यॉफ नान्सेन यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, या शहराजवळ झाला. वडील वकील होते. आईला स्कीचा मोठा नाद होता आणि तो तिच्या मुलात पुरेपूर उतरला. विद्यापीठात नान्सेन यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला आणि १८८२ मध्ये बर्गन येथील संग्रहालयात ते काम करू लागले. दिवसभर सूक्ष्मदर्शकावर डोळे लावून बसणारा हा तरुण सुटी मिळताच डोंगरात नाहीसा होई. १८८४ च्या हिवाळ्यात स्कीच्या शर्यतीसाठी तो बर्गनकडून ख्रिस्तियानियाला निघाला, तो मधले निर्जन, हिमाच्छादित पर्वत स्कीवरून ओलांडूनच.

ग्रीनलंड हे जगातील सर्वांत मोठे बेट. त्याचा बहुतेक सर्व अंतर्भाग बर्फाच्या जाड थराखाली गाडलेला आहे. काही ठिकाणी या थराची जाडी ३ किलोमीटरांहून अधिक आहे. त्या काळी मात्र आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मध्यभागी हिरवी कुरणे असावीत असा तर्क काही विद्वान करीत. १८८३ मध्ये स्वीडनचे नॉर्डेनशेल्ड आणि १८८६ मध्ये अमेरिकेचे पिअरी पश्चिम किनाऱ्यावरून आत शिरले होते. पण दोघांनाही अर्ध्यावरून परतावे लागले.

नान्सेन यांनी या अपयशाचा शांतपणे विचार केला. पश्चिम किनाऱ्यावर वस्ती होती, अन्न होते, ऊब होती. पूर्व किनारा जवळजवळ ओसाड होता. पश्चिमेकडून निघणाऱ्याच्या पाठीमागे घर राहते, आणि संकट येताच मन मागे ओढते. म्हणून त्यांनी पूर्वेकडून निघण्याचे ठरविले. मागे परतून उपयोग नाही, वाचायचे तर पुढेच गेले पाहिजे, अशी ती योजना होती. अनेक जाणत्यांनी तिला वेडेपणा ठरविले. नॉर्वेच्या सरकारने पैसा नाकारला. शेवटी एका डॅनिश व्यापाऱ्याने मोठी मदत केली.

पण नान्सेन यांचे साहस आंधळे नव्हते. बर्फावर ओढण्याच्या घसरगाड्या त्यांनी मुद्दाम हलक्या करवून घेतल्या. थोड्या इंधनात अन्न शिजावे आणि त्याच उष्णतेने हिम वितळून पाणी मिळावे, अशी चूल तयार करविली. तिघांना पुरेल अशा, रेनडिअरच्या कातड्याच्या दोन झोपण्याच्या थैल्या घेतल्या. सोबती निवडले तेही स्कीत तरबेज असे: ओटो स्वेर्ड्रुप, ओलुफ डिट्रिखसन, क्रिस्तियान क्रिस्तियानसेन, आणि उत्तरेकडील सामी जमातीचे साम्युएल बाल्टो व ओले राव्ना. पाच सोबत्यांचे प्राण आपल्या एका निर्णयावर टांगलेले आहेत, याची जाणीव असल्यावाचून अशी तयारी होत नाही, असे आम्हांस वाटते.

१७ जुलै १८८८ रोजी किनारा सुमारे २० किलोमीटर दूर असताना हे सहा जण जहाज सोडून होड्यांत उतरले. परंतु तरत्या हिमखंडांनी त्यांना घेरले आणि सागराच्या प्रवाहाने सुमारे ३८० किलोमीटर दक्षिणेकडे ओढून नेले. २९ जुलैला ते कसेबसे जमिनीला लागले. मग वल्ही मारीत पुन्हा उत्तरेकडे जाणे आले. १५ ऑगस्टला खरी चढण सुरू झाली.

प्रारंभी बर्फाला खोल भेगा होत्या. पुढे वादळाने त्यांना दिवसच्या दिवस तंबूत कोंडले. उन्हाळा सरत चालला होता. तेव्हा नान्सेन यांनी हट्ट न धरता वायव्येचा लांबचा मार्ग सोडला आणि जवळच्या गोटहॉब, म्हणजे आजच्या नूक, गावाचा रोख धरला. ध्येय तेच ठेवून वाट बदलणे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. पठाराच्या माथ्याची उंची २,७१९ मीटर भरली. रात्री पारा उणे ४५ अंशांपर्यंत उतरे. कोरडे हिम वाळूसारखे घसरगाड्यांना अडवी. सुकविलेल्या मांसातील चरबी काढून टाकलेली असल्याने सर्वांना स्निग्ध पदार्थांची विलक्षण भूक लागे. पाणीही मोजके; हिमाने भरलेली कुपी अंगाशी धरून ते वितळवावे लागे.

पश्चिमेचा उतार लागताच वारा पाठीशी आला. त्यांनी घसरगाड्या एकत्र बांधल्या, त्यांवर शिडे उभारली आणि होडीसारख्या त्या बर्फावरून हाकारल्या. पुढे समुद्राची खाडी आडवी आली, तेव्हा कापड, बांबू आणि खुरट्या वाळुंजाच्या फांद्या यांची एक चिमुकली होडी करून नान्सेन व स्वेर्ड्रुप निघाले. ३ ऑक्टोबरला, चढणीपासून ४९ व्या दिवशी, ते गोटहॉबला पोचले. तेथे त्यांचे पहिले अभिनंदन झाले ते डॉक्टरेट मिळाल्याबद्दल! निघण्यापूर्वी काही दिवसच त्यांनी मज्जासंस्थेवरील आपल्या प्रबंधाची परीक्षा दिली होती. सहाही जण सुखरूप होते. हिरवी कुरणे मात्र कोठेच आढळली नाहीत. या मार्गावर आरपार बर्फच होते.

त्या वर्षी परतीचे जहाज मिळाले नाही. हिवाळाभर नान्सेन स्थानिक लोकांत राहिले आणि त्यांच्याकडून कायाक ही चामडी होडी वल्हवण्यास शिकले. ती विद्या लवकरच कामी आली. १८९३ मध्ये ‘फ्राम’ नावाचे जहाज उत्तरेच्या बर्फात जाणूनबुजून गोठवून ते निघाले. १८९५ च्या मार्चमध्ये यालमार योहान्सेन या सोबत्यासह त्यांनी जहाज सोडले आणि स्की, कुत्री व कायाक यांच्या साहाय्याने ८६ अंश १४ कलांपर्यंत मजल मारली. इतक्या उत्तरेस तोवर कोणी गेल्याची नोंद नव्हती. अन्नासाठी सोबतची कुत्री एकामागून एक मारावी लागली. या पराक्रमाची ही किंमतही विसरता येत नाही. दोघेही १८९६ मध्ये मायदेशी परतले.

पहिल्या महायुद्धानंतर परदेशांत लाखो युद्धकैदी अडकून पडले होते. त्यांना घरी पोचविण्याचे काम राष्ट्रसंघाने १९२० मध्ये नान्सेन यांच्यावर सोपविले. दोन वर्षांत चार लाखांहून अधिक कैदी आपापल्या देशी परतले. रशियात दुष्काळ पडला तेव्हा ते सरकारांच्या दारोदार फिरले. ज्यांना कोणताच देश आपले म्हणेना, अशांसाठी १९२२ मध्ये त्यांच्या प्रयत्नाने एक ओळखपत्र निघाले. ते नान्सेन पासपोर्ट या नावाने ओळखले गेले आणि पन्नासांहून अधिक सरकारांनी मान्य केले. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्यांनी पीडितांच्या कामी लावली.

ज्याने स्वतःसाठी परतीची वाट ठेविली नाही, त्याने इतरांना घरी पोचविण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. यात आम्हांस विरोध दिसत नाही. घर मागे टाकून निघणे हा त्यांचा स्वतःचा निर्णय होता. त्या कैद्यांचे घर इतरांनी हिरावले होते. हा भेद ज्याला कळला, त्याचेच साहस समाजाच्या उपयोगी पडते. आमच्या विद्यार्थ्यांनी नान्सेन यांचे धैर्य घ्यावे. पण त्याआधी त्यांची तयारी घ्यावी.

१९३० च्या फेब्रुवारीत, वयाच्या ६८ व्या वर्षी, ते दोन जुन्या मित्रांसह पुन्हा डोंगरात स्की करण्यास गेले. चाल मंदावली होती, लवकर थकवा येत होता. १३ मे रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले आणि १७ मे या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी देशाने त्यांना अखेरचा निरोप दिला.