दारावरची थाप

गणपतीच्या दिवसांत भुताखेतांची गोष्ट कशाला, असं गेल्या वर्षी मंडळातल्या दोन-तीन ज्येष्ठांनी विचारलंच. झालं होतं असं, की आरती, अथर्वशीर्ष आणि मुलांच्या स्पर्धांच्या जोडीला एक संध्याकाळ श्रुतिकेची ठेवायची ठरली. रंगमंच रिकामा, कलाकार पडद्याआड, आणि प्रेक्षकांनी फक्त ऐकायचं. गोष्ट निवडली ‘माकडाचा पंजा’. ती रेडिओच्या अंगाने लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ही गोष्ट आपल्या इंदुरातल्या अनेकांनी शाळा-कॉलेजात इंग्रजीच्या तासाला वाचलेली आहे. म्हातारे आई-वडील, तीन इच्छा पुऱ्या करणारा पंजा, शेवटची ती दारावरची थाप, सगळं सगळ्यांना आठवत होतं. लेखकाचं नाव विचारलं तर मात्र सगळे गप्प. मीही त्यातलाच. शोधत गेलो आणि सापडला तो एक पोस्टातला कारकून.

विल्यम वायमार्क जेकब्स यांचा जन्म ८ सप्टेंबर १८६३ चा, लंडनच्या पूर्व भागातला. वडील वॅपिंगच्या धक्क्यावर व्यवस्थापक होते. मालाची चढउतार, गोदामं, किनाऱ्याकिनाऱ्याने चालणाऱ्या छोट्या गलबतांची ये-जा, हे त्यांचं काम. हुद्दा बरा असला तरी घरात खाणारी तोंडं पुष्कळ. आई लवकर गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणखी भावंडं झाली, आणि कुटुंबाची ओढाताण कायमची झाली. मुलगा अबोल, लाजाळू. त्याची खरी शाळा भरायची ती धक्क्यावर. खलाशी, तांडेल, रात्रीचे पहारेकरी, त्यांच्या थापा, त्यांची भांडणं, बायकांना चुकवून दारूच्या गुत्त्यात जायच्या त्यांच्या युक्त्या, हे सगळं तो नुसतं ऐकत बसे. लिहिताना त्याला हा साठा आयुष्यभर पुरला.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास जेकब्स पोस्टाच्या बचत बँकेत कारकुनीला लागले. १८८३ मध्ये नोकरी कायम झाली आणि १८९९ पर्यंत टिकली. म्हणजे उमेदीची वर्षं सगळी खातेवह्यांत गेली. ही नोकरी त्यांना मनापासून आवडत नसे, पण ती सोडायचं धाडस होत नव्हतं. ज्याने घरात पैशाची चणचण पाहिली आहे, त्याला पहिल्या तारखेचा पगार काय असतो ते वेगळं सांगावं लागत नाही. आपल्याकडे रेल्वेत, मिलच्या ऑफिसात, होळकर सरकारच्या दप्तरात आयुष्य काढून रात्री कविता आणि नाटकं लिहिणारी मंडळी काय थोडी झाली? जेकब्स त्याच जातकुळीतले. दिवसा लोकांच्या बचतीचा हिशेब आणि संध्याकाळी घरी आल्यावर गोष्टी.

१८८५ च्या सुमारास त्यांच्या लहानसहान विनोदी गोष्टी छापून यायला लागल्या. पुढे जेरोम के. जेरोम या प्रसिद्ध विनोदी लेखकाने आपल्या मासिकात त्यांना जागा दिली, आणि मग शेरलॉक होम्समुळे घरोघरी गेलेल्या ‘स्ट्रँड’ मासिकाची दारं उघडली. १८९६ मध्ये ‘मेनी कार्गोज’ हा पहिला संग्रह निघाला आणि लोकांनी तो उचलून धरला. त्यात समुद्राची वादळं नाहीत, शौर्य नाही. बंदरात नांगर टाकून बसलेल्या गलबतावरचे कप्तान आणि खलाशी एकमेकांना कसे बनवतात, एवढंच आहे. तरीही गृहस्थ नोकरी सोडायला तयार नाहीत. दुसरं पुस्तक झालं, तिसरं झालं, तेव्हा कुठे १८९९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी लग्न केलं आणि लंडनबाहेर लाउटन या गावी संसार थाटला. पाच मुलं झाली.

त्यांचा विनोद किती पोचला होता याची एक खूण सांगतो. पी. जी. वुडहाउस यांच्यावर तरुणपणी ज्यांचा प्रभाव पडला त्यांत जेकब्स होते. आणि वुडहाउसवर आपल्या पु. लं.चं किती प्रेम होतं, ते मराठी वाचकाला सांगायला नको. हे नातं लांबचं खरं, पण कळलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं.

तर असा हा हसवणारा माणूस. १९०२ मध्ये त्यांचा ‘द लेडी ऑफ द बार्ज’ हा संग्रह आला. त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी नेहमीच्या, हसवणाऱ्या. मध्येच ‘माकडाचा पंजा’. गोष्ट लहान आहे, अर्ध्या तासात वाचून होते. पावसाळी रात्री व्हाइट नावाचं कुटुंब शेकोटीपाशी बसलं आहे, बाप-लेक बुद्धिबळ खेळताहेत. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला एक सार्जंट-मेजर येतो आणि वाळवलेला माकडाचा पंजा दाखवतो. एका फकिराने मंतरलेला. तीन माणसांच्या तीन-तीन इच्छा पुऱ्या करणारा. तो पंजा शेकोटीत फेकतो, व्हाइट तो चटकन काढून घेतात. मागायचं काय? घरावरचं कर्ज फिटायला दोनशे पौंड हवेत, तेवढे मागतात. दुसऱ्या दिवशी कारखान्यातून माणूस येतो. मुलगा यंत्रात सापडून गेला. कंपनी जबाबदारी मानत नाही, पण त्याच्या नोकरीची कदर म्हणून काही रक्कम देऊ करते. रक्कम दोनशे पौंड.

फकीर, मंतरलेला पंजा, गूढ पूर्व दिशा, हा त्या काळच्या इंग्रजी गोष्टींचा ठरलेला मसाला. आपण तो वाचून थोडं हसावं, थोडं रागवावं. पण गोष्टीचं भय त्या फकिरात नाही, ते त्या आकड्यात आहे, असं मला पुन्हा वाचताना वाटलं. जेकब्स यांनी राज्य नाही मागवलं, हंडाभर मोहरा नाही मागवल्या. बचत बँकेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक होतं की साध्या घरातला माणूस रात्री पडल्या पडल्या कोणत्या रकमेचा विचार करतो. शिवाय ती रक्कम हवेतली नाही. इंग्लंडात १८९७ मध्ये कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला होता. त्यात कामावर मेलेल्या कामगारावर सर्वस्वी अवलंबून असलेल्यांना दीडशे ते तीनशे पौंडांच्या दरम्यान रक्कम मिळे. दोनशेचा आकडा त्या काळच्या वाचकाला वर्तमानपत्रातल्यासारखा ओळखीचा वाटला असणार. आणि निरोप घेऊन येणारा तो कंपनीचा माणूस पाहा. तो फाटकापाशी घुटमळतो, परततो, पुन्हा येतो. आत आल्यावर पँटवरचा धागा वेचत बसतो. दुसऱ्याचा हुकूम सांगायला आलेला तोही एक नोकरदारच.

दुसऱ्या वर्षीच, १९०३ मध्ये, लुई पार्कर या नाटककाराने या गोष्टीची एकांकिका केली आणि ती लंडनच्या हेमार्केट थिएटरात झाली. मग ती हौशी मंडळींच्या हाती गेली आणि गावोगाव होत राहिली. १९३३ मध्ये अमेरिकेत सिनेमा निघाला. रेडिओ आल्यावर तर इंग्लंड-अमेरिकेत तिची कितीतरी रूपांतरं झाली.

लेखकाचं आयुष्य मात्र उतरणीला लागलं होतं. घरात सूर जुळले नाहीत. बायको स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत उतरलेली, त्यासाठी तुरुंगात जाऊन आलेली. जेकब्स जुन्या वळणाचे, घरात शांतता हवी असणारे. दोघांची बाजू आपापल्या जागी समजते, पण एका छपराखाली ते अवघड गेलं. लिहिणंही आटत गेलं. पहिल्या महायुद्धानंतर नव्या गोष्टी फार थोड्या आल्या. जुन्याच गोष्टींची नाटकं करण्यात ते रमले. नाव होतं, पुस्तकं खपत होती, पण ज्या धक्क्यावरच्या जगावर ते लिहीत आले ते जगच नाहीसं होत होतं. १ सप्टेंबर १९४३ रोजी, ऐंशी पुरी व्हायला आठवडा उरला असताना, लंडनमध्ये ते वारले. खलाशांवरच्या त्यांच्या हसवणाऱ्या गोष्टींची पुस्तकं आज शोधावी लागतात. राहिला तो पंजा.

आता आमच्या श्रुतिकेविषयी. पहिला खर्डा मी अगदी देशी केला. सार्जंट-मेजरचा केला महूच्या छावणीतून निवृत्त झालेला सुभेदार, मुलगा घातला इथल्या एका कापड गिरणीत. वाचून पाहिलं आणि लक्षात आलं की सगळं बिघडलं. पंजा दुरून यायला हवा. ज्या देशाविषयी घरातल्यांना काही म्हणजे काही माहीत नाही तिथून. आपल्या घरात फकीर म्हणजे कोपऱ्यावरचा माणूस. मग गोष्ट पुन्हा इंग्लंडात नेली, नावं तीच ठेवली, भाषा तेवढी आपली.

दुसरी अडचण निवेदकाची. जेकब्स बरंच काही निवेदनात सांगतात, पण रेडिओवर निवेदक फार बोलला की भीती पळते. म्हणून निवेदक काढूनच टाकला. पाऊस, घड्याळाची टिकटिक, जिन्याची करकर आणि विझणारी काडी, एवढ्यावर रात्र उभी करायची. दुसऱ्या इच्छेने आई मुलाला परत मागते. स्मशानभूमी दोन मैलांवर आहे, म्हणून थाप लगेच येत नाही. मुळात पहिली थाप जेमतेम ऐकू येईल इतकी हलकी आहे. आमचा थाप देणारा तरुण दर तालमीला जोर लावायचा. शेवटी त्याला जुन्या कपाटाच्या दारावर मुठीऐवजी बोटाच्या पेराने वाजवायला लावलं, तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. मग थापा वाढतात, आई साखळी काढते, वरची कडी तिच्या हाताला पोचत नाही, ती खुर्ची ओढते. वर बाप अंधारात जमिनीवर पंजा चाचपतो आहे.

तिसऱ्या इच्छेवरून आमच्यात वाद झाला. बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांना ती ठणठणीत उच्चारायची होती, नाहीतर ऐकणाऱ्याला कळणार कसं? जेकब्स यांनी ती शब्दांत लिहिलेलीच नाही. आम्ही नुसता एक श्वास ठेवला.

आणि आईचं काम करणाऱ्या आमच्या वहिनींनी विचारलं, दारापलीकडे कोण होतं हे मी मनात काय धरून खेळू? त्यांचे सासरे मिलमधल्या अपघातात गेलेले, हे मला त्याच दिवशी कळलं. मी म्हटलं, भूमिका बदलू या. त्या नको म्हणाल्या. त्यांच्या मते सासूबाईंनी त्या दाराची कडी काढलीच असती, आत जे येईल ते येवो.

त्या संध्याकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि थापा एकदम थांबल्या. दार उघडलं, वारा आत आला आणि वहिनींनी एक लांब हाक मारली, संहितेत नसलेली, नुसतं मुलाचं नाव. सभागृहातले दिवे लावायला माणूस ठेवला होता, तो दिवे लावायचं विसरला.