सूर्यातली पिवळी रेघ

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात, बांद्याजवळ, इन्सुली नावाचे गाव आहे. समजा, तुम्ही तिथल्या एखाद्या कौलारू घराच्या पडवीत बसला आहात. हाताशी बुटांचे रिकामे खोके आहे आणि गाण्यांची एक जुनी सीडी आहे. एवढ्या सामानावर तुम्हांला प्रकाशाची फोड करता येईल.

खोक्याच्या एका टोकाला उभी, अगदी बारीक फट ठेवा. फटीच्या कडा सरळ हव्यात, म्हणून तिथे जाड कागदाच्या दोन सरळ पट्ट्या जवळजवळ चिकटवा. दुसऱ्या टोकाला सीडी तिरकी बसवा. तिची चकचकीत बाजू फटीकडे असू द्या. सीडीच्या वर खोक्याला एक भोक पाडा, खोके बंद करा आणि भोकाला डोळा लावा. फट दिव्याकडे धरली की सीडीवर रंगांचा पट्टा दिसेल. त्याला मराठीत वर्णपट म्हणतात आणि उर्दूत तुम्ही तैफ म्हणता. साध्या तारेच्या बल्बचा पट्टा सलग दिसतो. ट्यूबलाइटच्या पट्ट्यात मात्र काही रेघा वेगळ्या चमकतात. हे खोके सूर्याकडे कधीही रोखू नका. डोळा कायमचा जाईल. दिवसाचा प्रकाश पाहायचा असेल, तर फट पांढऱ्या भिंतीकडे धरा.

अशाच एका यंत्राच्या नादी लागलेल्या माणसाची ही हकिकत आहे. त्यांचे नाव नॉर्मन लॉकियर. त्यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधील रग्बी या गावी झाला. ते काही शास्त्रज्ञ म्हणून नोकरीला नव्हते. ते लंडनच्या युद्ध खात्यात कारकून होते. दिवसभर कागदांत मान घालायची आणि रात्री घरी दुर्बिणीपाशी बसायचे, असा त्यांचा क्रम होता.

त्या काळी एक नवी विद्या पुढे आली होती. प्रत्येक मूलद्रव्य तापले की आपल्या ठरावीक रंगांच्या रेघा देते, हे १८५९ च्या सुमारास जर्मनीत किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवले होते. मिठातल्या सोडियमची रेघ पिवळी असते. म्हणजे रेघा वाचता आल्या, तर दूरच्या ताऱ्यात काय आहे हेही कळणार! लॉकियर यांनी आपल्या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला.

सूर्याच्या कडेवरून लाल ज्वाळा उसळतात. पण त्या फक्त खग्रास ग्रहणात, म्हणजे पूर्ण सूरजगहनात, दोन-चार मिनिटे दिसत. एरवी आकाशाचा लखलखाट त्यांना झाकून टाकतो. लॉकियर यांनी १८६६ मध्ये एक युक्ती शोधली. मूठभर तांदूळ अंगणभर फेकले तर ते विरळ होतात, पण तेच दोन-तीन ठिकाणी ओतले तर ढीग दिसतात. वर्णपटदर्शकात आकाशाचा उजेड सगळ्या रंगांत पसरून फिका पडेल. ज्वाळांचा उजेड मात्र मोजक्याच रेघांत असेल, म्हणून तो तसाच ठळक राहील. मग ग्रहणाची वाट कशाला पाहायची?

युक्ती बिनचूक होती, पण यंत्र कमी ताकदीचे होते. नवे यंत्र करायला सांगितले, ते लांबत गेले. तेवढ्यात १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण आले. त्याची छाया भारतावरून गेली. आंध्रातील गुंटूर येथे फ्रान्सचे जान्सेन यांनी ज्वाळांच्या रेघा इतक्या ठळक पाहिल्या, की दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्यांनी त्या पुन्हा शोधल्या. लॉकियर यांचे यंत्र ऑक्टोबरात हाती आले आणि २० ऑक्टोबरला त्यांनाही ज्वाळा दिसल्या. दोघांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. फ्रान्सने पुढे दोघांचेही चेहरे असलेले एकच पदक काढले. एवढा शहाणा निवाडा नेहमी होत नाही!

पण खरी अडचण पुढेच होती. त्या रेघांत एक पिवळी रेघ होती. ती सोडियमच्या रेघांच्या अगदी शेजारी होती, पण नेमकी त्या जागी नव्हती. (तुमच्या खोक्यात हा फरक दिसणार नाही, त्याला फार बारीक यंत्र लागते.) पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. लॉकियर म्हणू लागले, की हे नवे मूलद्रव्य आहे. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटले गेले. हातात चिमूटभरही पदार्थ नाही, आणि नाव मात्र ठेवले! अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. अशी सत्तावीस वर्षे गेली. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमचे एक खनिज तापवले. त्यातून निघालेल्या वायूने तीच पिवळी रेघ दाखवली. रॅम्झी यांनी त्या वायूचा नमुना लॉकियर यांच्याकडेही पाठवला. तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते.

यानंतर ते आपल्या कोकणात आले. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी त्यांनी विजयदुर्ग ही जागा निवडली. मेल्पोमीन या आरमारी जहाजावरचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. खग्रास स्थिती सुमारे दोनच मिनिटे टिकणार होती. म्हणून कोणी कोणत्या क्षणी कॅमेऱ्याची काच बदलायची, याची तालीम आधी घेतली गेली. आकाश निरभ्र राहिले आणि वर्णपटाची छायाचित्रे मिळाली.

विजयदुर्ग किल्ल्यात साहेबाचे कट्टे म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. तिथे तुम्हांला बहुधा असे सांगतील, की लॉकियर यांनी १८६८ साली इथेच हेलियम शोधला. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा करतात. पण १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते. ते विजयदुर्गला आले तीस वर्षांनी. मला वाटते, खरी गोष्टही काही कमी नाही. ज्या रेघेसाठी माणसाने निम्मे आयुष्य वाद घातला, ती खरी ठरल्यावरही तो वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दोन मिनिटांच्या अंधारासाठी समुद्र ओलांडून आला.

लॉकियर यांनी १८६९ मध्ये नेचर हे विज्ञानाचे साप्ताहिक सुरू केले आणि पन्नास वर्षे त्याचे संपादन केले. ते आजही निघते. १६ ऑगस्ट १९२० रोजी सिडमथ येथे त्यांचे निधन झाले. तिथल्या टेकडीवर त्यांनी उतारवयात उभारलेली वेधशाळा आहे.