आंबडवे ते आंबेडकर : एका आडनावाची वाटचाल

दरवर्षी जून महिन्यात आमच्या वसतिशाळेच्या कार्यालयात प्रवेशाची मोठी नोंदवही उघडली जाते. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि मूळ गाव असे रकाने तीत ओळीने आखलेले आहेत. पहिले चार रकाने झटपट भरून होतात. मूळ गावाच्या रकान्यापाशी मात्र अनेक पालक थबकतात. भीमा नदीवरील उजनी धरणाचे काम १९६९ साली सुरू झाले आणि १९८० साली पूर्ण झाले. सुमारे ११७ टीएमसी पाणी साठविणाऱ्या या यशवंतसागर जलाशयाखाली करमाळा, माढा, इंदापूर भागांतील अनेक गावांची जुनी गावठाणे गेली. घरे उठली, माणसे वरच्या माळावर आली. काही गावांना नावापुढे क्रमांक लागले. केत्तूर क्रमांक एक आणि केत्तूर क्रमांक दोन अशी आज त्यांची ओळख आहे. ज्या मातीत आजोबांचा जन्म झाला ती माती पाण्याखाली आहे, पण तिचे नाव नातवाच्या दाखल्यावर कायम आहे.

वर्गात हजेरी घेताना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात येते. एकाच वर्गात तीन गायकवाड, चार कांबळे, दोन शिंदे असतात. आडनाव पुकारले की तीन मुले एकदम उभी राहतात. मग मुलेच तोडगा काढतात; हा कंदरचा, तो वाशिंब्याचा, तिसरा कुगावचा. आडनाव एकसारखे झाले की गाव पुढे येते आणि माणसाची ओळख पटवून देते. महाराष्ट्रातील शेकडो आडनावे अशाच रीतीने घडली. गावाच्या नावाला कर हा प्रत्यय लागला आणि ते कुळाचे नाव झाले. अशाच एका आडनावाचा प्रवास या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही वाचकांसमोर मांडीत आहोत. ते आडनाव आमच्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचे एक लहानसे गाव आहे. मालोजी सकपाळ यांचे घराणे मूळचे या गावचे. मालोजींचे पुत्र रामजी इंग्रजांच्या लष्करात सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. त्यांच्या व भीमाबाईंच्या पोटी १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातील महू येथील लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. हे त्यांचे चौदावे अपत्य. सुभेदार निवृत्त झाल्यावर कुटुंब प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास आले. साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले आणि मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंनी केला.

सातारा येथील सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी या मुलाचे नाव दाखल झाले. त्या शाळेच्या नोंदवहीत भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. सकपाळ हे आडनाव मागे राहिले आणि गावाच्या नावाने सिद्ध झालेले आडनाव पुढे आले. मूळचे आंबडवेकर हे उच्चारास अवघड होते, म्हणून त्याच शाळेतील कृष्णाजी केशव आंबेडकर या ब्राह्मण शिक्षकांनी आपले सुटसुटीत आडनाव या विद्यार्थ्यास दिले, अशी हकिकत सांगितली जाते. नोंद कशी झाली याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या गुरुजींच्या मायेविषयी मात्र खुद्द बाबासाहेबांनी सांगून ठेवले आहे. मधल्या सुटीत घरी जाऊन येण्याची मुलाची पायपीट वाचावी म्हणून गुरुजी आपल्या शिदोरीतील भाजीभाकरी त्याच्या हातावर ठेवीत. ज्या काळी त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्यास हात लावता येत नसे, त्या काळी ही भाकरी वरून टाकलेली असली तरी आपुलकीची होती. पुढे १९३० साली बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी निघाले तेव्हा या गुरुजींचे पत्र त्यांना आले. ते त्यांनी जपून ठेवले.

नवे आडनाव आले म्हणून वाट सोपी झाली नाही. सन १९०१ च्या उन्हाळ्यात सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदार होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदावयास घेतला होता. वडिलांकडे सुटी घालविण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. अंगावर नवे कपडे होते, बोलणे सभ्य होते. मुलांचे पत्र वडिलांना वेळेवर कळले नव्हते, त्यामुळे न्यावयास कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी प्रथम आस्थेने चौकशी केली. आपण महार आहोत असे मुलांच्या तोंडून निघताच त्यांचा चेहरा पालटला. एकही गाडीवान मुलांना गाडीत घेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे ठरले, मुलांनी गाडी स्वतः हाकावयाची आणि गाडीवानाने बाजूने चालावयाचे असा करार झाला. त्या रात्री शिदोरी जवळ होती, परंतु प्यावयास पाणी मिळाले नाही आणि मुले उपाशी निजली. तलावाच्या कामाच्या गावी निघालेली मुले पाण्यावाचून तळमळली, हे धरणाकाठी राहणाऱ्या आम्हा सर्वांना विशेष लागून राहते.

पुढे कुटुंब मुंबईस आले. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्कारप्रसंगी कृष्णाजी अर्जुन केळुसकर या गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्यांस भेट दिले. केळुसकर हे आडनावही वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावावरून आलेले. एका कृष्णाजींनी शिदोरी दिली, दुसऱ्या कृष्णाजींनी पुस्तक दिले. त्या पुस्तकाने मनात पेरलेले बीज उगवण्यास जवळजवळ पन्नास वर्षे लागावयाची होती.

केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे साहाय्य मिळाले. भीमराव १९१२ साली बी. ए. झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस परतावे लागले आणि करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. त्या शहरात या विद्वानास राहावयास जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात जागा होती, पण ती पारशी माणसालाच देण्याचा नियम होता. तेव्हा नोंदवहीत पारशी नाव लिहून त्यांनी तेथे मुक्काम केला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा जमाव दारी आला आणि त्याच संध्याकाळी त्यांना बाहेर पडावे लागले. दिवसभर घर शोधून ते मिळाले नाही. एका सार्वजनिक बागेत बसून ते रडले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

साताऱ्याची नोंदवही आणि बडोद्याची नोंदवही आम्ही येथे शेजारी शेजारी ठेवतो, त्यास कारण आहे. काही पालक आम्हाला हळू आवाजात विचारतात, मुलाचे आडनाव बदलून द्यावे काय? शहरात खोली मिळावी, नोकरीच्या ठिकाणी कुजबुज होऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते. आम्ही त्यांना दोष देत नाही; ज्या समाजाने त्यांच्यावर ही वेळ आणली, दोष त्याचा आहे. परंतु बाबासाहेबांच्या चरित्रातील ही दोन पाने आम्ही त्यांना सांगतो. लपण्यासाठी घेतलेले नाव अकरा दिवस टिकले. शाळेच्या वहीत लिहिलेले नाव पुढे देशाच्या राज्यघटनेशी जोडले गेले.

बडोद्यानंतरच्या काळात ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली डी. एस्सी. झाले आणि बॅरिस्टर म्हणून परतले. जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या पहिल्या कामांपैकी एक आपल्या जिल्ह्याशी निगडित आहे. जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूर शहरात मागासलेल्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. खेड्यातून आलेल्या मुलास शहरात कोणी ठेवून घेत नाही, हे बाबासाहेबांनी बडोद्यात सोसले होते. छप्पर आणि दोन वेळचे जेवण यांवाचून शाळेचा दरवाजा उघडा असूनही उपयोग नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमच्यासारख्या वसतिशाळा त्या वसतिगृहाच्याच वाटेवरच्या आहेत.

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी त्यांनी हजारोंसह पाण्याला हात लावला. पुढील वर्षी महार वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक त्यांनी मुंबई विधिमंडळात मांडले. गावाची पडेल ती कामे करावयाची आणि त्याबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते घ्यावयाचे, या बंधनाने माणूस गावाला जखडला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट झाली ती त्यांच्या निधनानंतर. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. त्याची धुरा वाहिली दादासाहेब गायकवाड यांनी. बडोद्याचे महाराज गायकवाड आणि नाशिकचे कार्यकर्तेही गायकवाड. एका आडनावाची ही दोन माणसे, एक गादीवरचे आणि एक गावकुसाबाहेरचे, बाबासाहेबांच्या आयुष्यात मदतीस आली. आडनावावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्यांनी यावर विचार करावा.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना दामोदर व महानदी या नद्यांच्या विकासयोजनांना त्यांनी दिशा दिली. नदीचे पाणी अडवून शेती, वीज आणि पूरनियंत्रण यांचा एकत्र विचार करण्याचे धोरण त्या काळात आकारास आले. पुढे घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना गावाऐवजी व्यक्ती हा घटनेचा घटक का मानला, हे त्यांनी परखडपणे स्पष्ट केले. ज्यांच्या आडनावातच एक गाव होते, त्यांनी गावगाड्याचे गोडवे गाण्यास नकार दिला. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना गाव कसे दिसते, हे त्यांना ठाऊक होते. तरीही त्या गावाचे नाव त्यांनी टाकले नाही.

केळुसकर गुरुजींच्या पुस्तकाचे बीज १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात वर आले. लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. अवघ्या दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर १९५६ रोजी, दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

त्यानंतर आडनावाचा प्रवास उलट दिशेने सुरू झाला. पूर्वी गावाने माणसाला नाव दिले होते, आता माणसाचे नाव गावांना मिळू लागले. उत्तर प्रदेशात १९९५ साली आंबेडकरनगर हा जिल्हा झाला. जन्मस्थान महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकरनगर झाले. हे नाव प्रत्येक ठिकाणी सहज मिळाले असे नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली विधिमंडळात झाला आणि त्यापाठोपाठ वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांनी प्राण गमावले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. एका नावासाठी सोळा वर्षे आणि माणसांचे जीव मोजावे लागले, हे आमच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

उन्हाळ्यात यशवंतसागराचे पाणी ओसरते तेव्हा जुन्या भिंती, पायऱ्या, देवळांचे चिरे वर येतात. वृद्ध मंडळी काठावर उभी राहून नातवंडांना हात करून दाखवितात, येथे आपले घर होते, तेथे विहीर होती. त्या विहिरीवर कोणाला पाणी भरता येत होते आणि कोणाला नव्हते, हेही त्यांनी सांगावे अशी आमची विनंती आहे. गावाची आठवण खरी ठेवायची तर पूर्ण ठेवली पाहिजे.

येत्या जूनमध्ये नोंदवही पुन्हा उघडेल. मूळ गावाच्या रकान्यात पाण्याखालच्या गावाचे नाव लिहावे की माळावरच्या नव्या वसाहतीचे, असे पालकांनी विचारले तर आम्ही दोन्ही लिहून घेऊ. आडनावाच्या रकान्यात जे आहे ते स्वच्छ अक्षरांत लिहू. पुढचे काम त्या मुलामुलींचे आहे.