आगकाड्यांचा सूत्रधार : दादासाहेब फाळके

दर नोव्हेंबरात पणजीत इफ्फीचे पडदे उजळतात, तेव्हा दादासाहेब फाळके यांचे नाव निदान एकदा तरी आदराने उच्चारले जाते. २००४ पासून हा महोत्सव गोव्यात भरतो आहे, त्यामुळे गोमंतकीय वाचकाला हे नाव परके नाही. मात्र त्या नावासोबत डोळ्यांपुढे उभे राहते ते हरिश्चंद्र-तारामतीचे, लंकादहनाचे, कालियाच्या फण्यावर नाचणाऱ्या बालकृष्णाचे चित्र. याच माणसाने एकेकाळी साध्या आगकाड्यांना पडद्यावर हालचाल करायला लावली होती, हे फारसे कुणाला आठवत नाही.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी, वैदिक ब्राह्मणाच्या घरी झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि त्यानंतर बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि मुद्रणकला आत्मसात केली. पुढे गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून बस्तान बसत असतानाच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. मग पुरातत्त्व खात्यातील आरेखकाची नोकरी झाली, लोणावळ्यास राजा रविवर्मा यांच्या छापखान्याशी संबंध आला, स्वतःचा छापखाना निघाला आणि भागीदारांशी न पटल्याने सुटलाही. या धरसोडीच्या काळात त्यांनी जादूची विद्याही शिकून घेतली होती. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून प्रोफेसर केळफा या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. चरित्रकार ही गोष्ट बहुधा गमतीदाखल सांगून पुढे जातात. मला मात्र त्यांच्या पुढच्या कामाची किल्ली इथेच सापडते, असे वाटते. प्रेक्षकाची नजर कुठे खिळवावी आणि तिच्या आड काय करावे, हे जादूगाराला कळावे लागते.

गिरगावातील एका तंबूत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांच्या मनाने घेतलेला ध्यास सर्वश्रुत आहे. रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून डोळे इतके शिणले की काही काळ दृष्टीही गेली होती. उपचारांनी ती परत आली. १९१२ च्या आरंभी त्यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडन गाठले, हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कंपनीच्या कॅमेऱ्याची खरेदी करून ते परतले.

‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल हवे होते, पण ज्या वस्तूचे नावही ऐकलेले नाही तिच्यावर कोण पैसा लावणार? तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. महिनाभराहून अधिक काळ, थांबून थांबून, त्या रोपाची एकेक प्रतिमा टिपली गेली. पडद्यावर मात्र मिनिटभरात बीज फुटले, कोंब वर आला, वेल पसरला. मूकपटाच्या काळी सेकंदाला सुमारे सोळा प्रतिमा धावत, म्हणजे त्या एका मिनिटासाठी हजाराच्या आसपास प्रतिमा लागल्या असणार. ‘अंकुराची वाढ’ पाहून सावकाराचा विश्वास बसला. भारतीय चित्रपटाचे पहिले भांडवल अशा रीतीने एका वाटाण्याच्या वेलाने मिळवून दिले. त्या लघुपटाला कथानक नव्हते, संवाद नव्हते, पात्र म्हणावे तर फक्त एक रोप. तरीही त्याला आरंभ होता आणि शेवट होता. गोष्ट रचण्याची ही एक निराळी रीत होती.

३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. या यशामागे सरस्वतीबाई फाळके यांचे कष्ट होते. त्यांनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधला आणि अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम शिकून घेतले. चित्रपटाच्या इतिहासात त्यांना स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे होते. ते मिळालेले नाही.

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले, तिथेच राहून काम करण्याविषयी विचारणाही झाली. ते नाशिकला परतले आणि महायुद्ध पेटले. कच्च्या मालाची चणचण भासू लागली आणि पैसे पुरवणाऱ्यांनी हात आखडते घेतले. मोठा चित्रपट काढणे अशक्य झाल्यावर त्यांनी हाताशी असेल त्या सामग्रीतून छोटे पट काढायला घेतले. १९१५ च्या सुमाराचा ‘आगकाड्यांची मौज’ हा त्यांपैकीच एक. काडी किंचित सरकवायची, एक प्रतिमा घ्यायची, पुन्हा सरकवायची. दिवसभराच्या बैठकीतून पडद्यावरचे काही क्षण निघत. परदेशात असे खेळ आधीच झाले होते, पण इथे शिकवणारा कुणी नव्हता. पौराणिक चित्रपटाला नटसंच, वेशभूषा, देखावे सारेच लागत. इथे सारा खर्च आगपेटीचा. लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन आणि पात्रांना हलवणारा अदृश्य हात, सारे एकच.

‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) यांच्या यशाने आगकाड्यांचा प्रयोग मागे पडला. कन्या मंदाकिनी हिने बालकृष्णाची भूमिका केली. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी मतभेद, राजीनामा, काशीला प्रयाण, तेथे ‘रंगभूमी’ या नाटकाचे लेखन आणि पुन्हा कंपनीत आगमन, असा पुढचा प्रवास झाला. बोलपट आला आणि त्यांची कला जुनी ठरली. कोल्हापुरात काढलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धात चित्रपट काढण्यास सरकारी परवाना लागे. वृद्ध फाळके यांनी तो मागितला, नकार आला, आणि थोड्याच दिवसांत, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, नाशिकला त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात काय उरले? शंभरच्या आसपास चित्रपट काढणाऱ्या माणसाचे उरलेले काम मोजायला फार वेळ लागत नाही. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात त्यांनी लिहिलेली लेखमाला हा त्यांच्या आयुष्याचा, त्यांच्याच लेखणीतून उतरलेला, मोठा आधार आहे. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून व इतरत्र हिंडून जे जमवले, त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’चे पहिले आणि चौथे रीळ आज पाहायला मिळते. ते १९१३ चे नसून १९१७ मध्ये नव्याने केलेल्या प्रतीचे आहे, असे अभ्यासकांचे मत आहे. ‘कालियामर्दन’ बऱ्याच अंशी सुखरूप आहे. जुनी नायट्रेट फिल्म ठिणगीसरशी पेट घेते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत असंख्य मूळ रिळे भस्मसात झाली. फाळके यांच्या कामाच्या प्रती आधीच करून ठेवल्या होत्या, एवढेच नशीब.

या साऱ्यात आगकाड्या कुठेच नाहीत. जपले गेले ते देवांचे आणि राजांचे चित्रपट, कारण त्यांना किंमत आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. आगकाडीचा खेळ सांभाळून ठेवावा, असे त्या काळी कुणाला सुचणार? पुढे प्रभातने ‘जंबूकाका’ हा व्यंगपट काढला. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनने व्यंगपटांचा विभाग उभारला आणि डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये शिकवायला मुंबईत आले. त्या तरुण चित्रकारांना दाखवावा असा फाळके यांचा आगकाड्यांचा तुकडा हाती असता, तर त्या विद्येचा आरंभ नाशिकपासून सांगता आला असता.

‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या लघुपटाचा काही भाग मात्र वाचला आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात. नटांना सूचना देतात, मग फिल्मची पट्टी हातात धरून तिच्यावरची एकेक प्रतिमा न्याहाळत बसतात.