बेन वेबस्टर : अ‍ॅमस्टरडॅमला राहिलेले सॅक्सोफोनवादक

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांना सॅक्सोफोन ठाऊक आहे तो लग्नाच्या बँडमधला, नाहीतर हिंदी चित्रपटांतील क्लबच्या नाचगाण्यातला. आम्हीही मुंबईत शाळेत असताना रेडिओवर तेवढाच ऐकला. पुढे इकडे आल्यावर मूळच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या एका शेजाऱ्यांनी बेन वेबस्टर यांची तबकडी लावली आणि हेच का ते वाद्य, असा आम्हांस प्रश्न पडला.

वेबस्टर यांचा जन्म २७ मार्च १९०९ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीत झाला. आई आणि नात्याने आजी लागणारी एक बाई, या दोघींनी त्यांना लाडाकोडात वाढवले. व्हायोलिन शिकवले, पण मुलाचा ओढा पियानोकडे. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्यापुढे पेटी-तबला वाजे, तसा टेक्सासमधील अ‍ॅमरिलो गावी ते पडद्यापुढे पियानो वाजवीत. सॅक्सोफोनचे धडे मिळाले ते प्रसिद्ध वादक लेस्टर यंग यांच्या वडिलांकडून.

१९३४ साली कोलमन हॉकिन्स हे त्या काळचे सर्वांत मोठे सॅक्सोफोनवादक फ्लेचर हेंडरसन यांचा वाद्यवृंद सोडून युरोपात गेले. त्यांच्या जागी थोडे दिवस लेस्टर यंग आले व मग वेबस्टर. इकडे हॉकिन्स यांना १९३५ साली एका इंग्रज वाद्यवृंदाबरोबर जर्मनीत जायचे होते, पण काळ्या वर्णामुळे नाझी सरकारने प्रवेश नाकारला. ते हॉलंडमध्येच थांबले, तेथील रँबलर्स मंडळींबरोबर वाजवले, तबकड्या काढल्या आणि १९३९ साली युद्ध पेटण्यापूर्वी मायदेशी परतले. त्या प्रवेशबंदीविषयी आपल्या वाचकांना अधिक काय सांगावे?

वेबस्टर यांचे नाव झाले ते ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात, १९४० ते १९४३ या काळात. ‘कॉटन टेल’ या रचनेतील त्यांचे वादन आजही नवे वादक घोटून बसवतात. मात्र आमच्या मते त्यांची खरी ताकद संथ गाण्यांत. सूर संपल्यावरही फुंकर ऐकू येत राहते, जणू कोणी कानाशी बोलत आहे. गाण्याचे शब्द माहीत असल्याशिवाय ते वाजवू नये, असे ते मानीत. भावगीतावर वाढलेल्या माणसाला हे लगेच पटते. असे हळुवार वाजवणारा हा धिप्पाड गृहस्थ दारू पोटात गेली की मारामारीवर येई. मित्रांनी ‘ब्रूट’, म्हणजे पशू, असे नाव ठेवले होते. शुद्धीवर असताना मात्र अत्यंत अदबशीर.

साठीच्या दशकात अमेरिकेत कामे आटली. घरच्या त्या दोघीही राहिल्या नव्हत्या. १९६४ च्या अखेरीस लंडनच्या एका क्लबचे आमंत्रण आले. ते गेले ते परतलेच नाहीत. काही काळ कोपनहेगनला काढून १९६६ साली अ‍ॅमस्टरडॅमला एका वयस्क बाईंच्या घरी भाडेकरू म्हणून राहिले. योहान व्हान डेर क्यूकेन यांनी १९६७ साली त्यांच्यावर काढलेल्या चित्रपटात त्या घरमालकीणबाईही दिसतात. परका देश, हाताशी बहुधा स्थानिक साथीदार, मैफल नसेल त्या दिवशी करायचे काय हा प्रश्न. देश सोडून आलेल्यांना हे दिवस परिचयाचे आहेत. सन्मान होता, पण आई नव्हती. आणि आईविषयी ते सदैव हळवे असत.

१९६९ साली ते पुन्हा कोपनहेगनला गेले. तेथे आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. परंतु शेवटची मैफल हॉलंडातच व्हायची होती. ६ सप्टेंबर १९७३ रोजी ते लायडन येथील कॅफेत वाजवले, नंतर पक्षाघाताने आजारी पडले व २० सप्टेंबरला अ‍ॅमस्टरडॅममध्ये वारले. अस्थी कोपनहेगनच्या असिस्टन्स दफनभूमीत आहेत.

आपल्या सॅक्सोफोनला ते लाडाने ‘ओल बेट्सी’ म्हणत. आपल्यामागे तो कोणी वाजवू नये, अशी त्यांची इच्छा होती. तो अमेरिकेत रटगर्स विद्यापीठाच्या जॅझ संग्रहात ठेवण्यात आला.