तीन मिनिटांच्या तबकडीतले खाँसाहेब

मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. दर्ग्याच्या उरुसात ठिकठिकाणचे गायक-वादक येथे येऊन आपली सेवा रुजू करतात. खाँसाहेबांचे गाणे समोर बसून ऐकलेली पिढी आता राहिलेली नाही. तरीही त्यांचा टोकदार, किंचित अनुनासिक आणि अत्यंत सुरेल आवाज रसिकांच्या परिचयाचा आहे. याचे श्रेय ग्रामोफोनच्या तबकड्यांना द्यावे लागेल.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी सध्याच्या उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. घराण्याचे नाव याच गावावरून पडले. वडील काले खाँ आणि घरातील इतर वडीलधाऱ्यांकडून त्यांना तालीम मिळाली. तरुण वयातच बंधू अब्दुल हक यांच्यासह ते बडोद्याच्या दरबारात रुजू झाले. तेथे सरदार घराण्यातील ताराबाई माने यांच्याशी त्यांचा विवाह जुळला आणि दोघांनी बडोदे सोडले. मुंबईमार्गे ते मिरजेस आले. प्लेगच्या आजारातून आपण दर्ग्याच्या कृपेने वाचलो, अशी खाँसाहेबांची श्रद्धा होती, असे सांगतात. 

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात प्रारंभ झाला. गौहरजान यांच्या तबकड्यांना मोठी मागणी आली, पण अनेक नामवंत उस्ताद या यंत्रापासून दूरच राहिले. घराण्याची ठेवणीतली चीज कोणीही ऐकून उचलील, ही धास्ती होती. तास-दीड तास फुलणारा ख्याल तीन मिनिटांत कसा गावा, हा प्रश्न त्याहून अवघड होता. खाँसाहेबांनी मात्र १९०५ च्या सुमारासच ग्रामोफोन कंपनीसाठी गाणी मुद्रित केली. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्या कंपनांनी मेणाच्या चकतीवर रेघ उमटायची. तंबोऱ्याचा नाद त्या कर्ण्यापर्यंत पुरता पोहोचत नसे. ज्या गायकाचे सारे गाणे तंबोऱ्याच्या गुंजनातून उगवत असे, त्याच्यासाठी ही गैरसोय लहान नव्हती. शिवाय तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होऊन बोटीने परत येत. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ मध्ये.

यानंतरचा बराच काळ खाँसाहेबांनी अध्यापन आणि प्रवासात घालवला. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवण्याचा भार ते स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नातून उचलत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स श्रुतींचे मोजमाप करीत होते. त्यांच्यासाठी खाँसाहेबांनी सूक्ष्म स्वर गाऊन दाखवले. म्हैसूर दरबारच्या निमित्ताने दक्षिणेत जाणे-येणे होई. कर्नाटक पद्धतीची सरगम त्यांच्या गायकीत शिरली ती तेथूनच. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी स्वरात स्वर मिळवायला शिकवले होते आणि त्याला श्रोत्यांपुढे आणले होते. कर्ण्यापुढे बसून नुसते ऐकणारा कुत्रा ज्या कंपनीचे बोधचिन्ह होता, तिला टिपूची गोष्ट ठाऊक होती की नाही कोण जाणे.

संसार मात्र टिकला नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले आणि चंपाकली हिराबाई बडोदेकर म्हणून रसिकांपुढे आली. मुलांच्या नावात वडिलांची खूण उरली नाही. गळ्यात ती राहिली. हिराबाईंच्या ध्वनिमुद्रिकांनी लवकरच लोकप्रियता मिळवली. वडील आणि लेक यांची घरे दुरावली होती, पण पुढे दोघांच्याही तबकड्या महाराष्ट्रातील दुकानांतून विकल्या जाऊ लागल्या.

१९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनमुळे हलका, नाजूक स्वरही टिपला जाऊ लागला. १९३० च्या दशकात ओडियन कंपनीने खाँसाहेबांच्या ज्या तबकड्या काढल्या, त्यांवर त्यांची आजची कीर्ती उभी आहे. वसंतातील ख्याल, झिंझोटी आणि भैरवीतील ठुमऱ्या, त्यागराजांची कृती, 'मानापमान' नाटकातील पद, असा हा विस्तृत पट आहे. उत्तरेतील मुसलमान उस्तादाने तेलुगू कृती आणि मराठी नाट्यपद मुद्रित करणे त्या काळी सर्रास घडत नव्हते. ख्यालांत वेळेची ओढाताण जाणवते, हे मान्य करावे लागेल. ठुमऱ्यांत ती मुळीच जाणवत नाही. मुखडा हाती घेऊन खाँसाहेब एकेका स्वरावर असे विसावतात, की घड्याळाचा विसर पडतो.

गदगच्या भीमसेन जोशी नावाच्या मुलाने लहानपणी दुकानात खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असे गाणे शिकण्यासाठी घर सोडले. बरीच भटकंती करून तो १९३६ मध्ये कुंदगोळला पोहोचला आणि खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकू लागला.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, खाँसाहेब मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत छातीत दुखू लागल्याने ते सिंगपेरुमालकोईल या लहानशा स्थानकावर उतरले. फलाटावरच त्यांनी प्रार्थना केली आणि दरबारी कानड्याच्या स्वरांत कलमा म्हणत प्राण सोडला, असे त्यांचे शिष्य सांगत. ती तारीख २७ ऑक्टोबर होती. पार्थिव मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. ओडियनवरील ती गाणी नंतर लाँग प्ले तबकड्यांवरही निघाली.